मांजरेकाठचा मकर

संक्रांतीच्या सायंकाळी तिळगूळ वाटून झाला म्हणजे पंचांग उघडून मुलांना संक्रांतीचे वर्णन वाचून दाखवावे, अशी आमच्या घरची जुनी चाल आहे. यंदाही देवापाशी दिवा लागल्यावर सर्व मुले माजघरात जमली, आणि आम्ही संक्रांतीचे वाहन, उपवाहन, वस्त्र आणि येण्याजाण्याची दिशा यथासांग वाचली. वाचन संपते न संपते तोच आमची नऊ वर्षांची नात म्हणाली, "आजोबा, मकरसंक्रांत म्हणतात, तर मकर म्हणजे काय?"

आम्ही तत्काळ उत्तर दिले की, मकर ही दहावी रास होय. मकर म्हणजेच मगर. त्या जातीच्या जलचरांस नक्र, कुंभीर, ग्राह अशीही नावे आहेत. इतके सांगून आम्ही पंचांग मिटले. परंतु मुलीचे समाधान झाले नाही. "तुम्ही पाहिली आहे का मगर?" असा तिचा दुसरा प्रश्न आला.

आम्ही पस्तीस वर्षे शाळेत संस्कृत व मराठी शिकविले. अमरकोशातील वारिवर्ग मुलांकडून घोकून घेतला. पंचतंत्रातील रक्तमुख वानर व करालमुख मकर यांची कथा किती तुकड्यांना सांगितली याची गणती नाही. गजेंद्रमोक्षावर तर कीर्तनकाराच्या थाटात हातवारे करून बोललो. पण जिवंत मगर आम्ही जन्मात पाहिलेली नव्हती. नातीस "नाही" म्हणताना आम्हांस खरोखरच ओशाळे वाटले. जो शब्द आपण आयुष्यभर शिकविला, त्याचा अर्थ आपण केवळ दुसऱ्या शब्दांत जाणतो, हे साठी उलटल्यावर कळावे ही गोष्ट काही भूषणावह नव्हे.

आमचे धाकटे बंधू लातुरास असतात, ते सणासाठी आले होते. ते हसून म्हणाले, "दादा, त्यासाठी काशीयात्रा करावयास नको. आपल्या मांजरेतच मगरी आहेत. मात्र आपल्या वाट्याच्या मांजरेत नव्हेत, खाली, संगारेड्डीपाशी." ते ऐकून आमच्या सौ.ने तेथल्या तेथे फर्मावले की, मुलीस घेऊन जाऊन याच. वाटेत बिदरही होईल. याप्रमाणे आमचा प्रवास ठरला.

आमचे देवणी हे गाव लातूर जिल्ह्याच्या पूर्वेकडील सीमेवर आहे. बाहेरच्या लोकांस ते ठाऊक असते ते देवणी गाईमुळे. पांढऱ्या अंगावर काळे ठिपके वागविणारी ही देखणी जनावरे आमच्या भागाचे वैभव होत. अंगावरील रंगाच्या ठेवणीवरून त्यांचे वानेरा, बालांक्या व शेवेरा असे प्रकार जाणते लोक सांगतात. तेव्हा जनावरांची पारख आमच्या मुलखास नवी नाही. परंतु आमची पारख गोठ्यापुरती. नदीत काय नांदते याचा विचार कोणी करीत नाही. आमच्या लहानपणी आजी मात्र नदीवर जाऊ लागलो की बजावीत असे, "डोहाकडे फिरकू नकोस, सुसर ओढील." आम्ही तो बालकांस भिवविण्याचा बागुलबुवा समजत होतो.

मांजरेचा मार्ग नकाशावर बोट ठेवून नातीस समजाविला. ही नदी बीड जिल्ह्यातील पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात गौखाडीनजीक उगम पावते. धनेगावच्या धरणातून पुढे ती लातूर जिल्ह्यात येते. औराद शहाजानीच्या परिसरात तीस तेरणा मिळते. मग बिदर जिल्हा ओलांडून ती तेलंगणात शिरते. तेथे जाऊन ती एकाएकी माहेरची आठवण झाल्यासारखी उत्तरेकडे वळते, आणि निजामाबाद जिल्ह्यात कंदकुर्तीपाशी गोदावरीस मिळते. उगमापासून संगमापर्यंत सुमारे ७२४ किलोमीटरांची ही वाट. आम्हांस जावयाचे होते ते त्या वळणाच्या प्रदेशात.

उदगीरपर्यंत मोटारीने जाऊन तेथे आगगाडी धरली. परळीहून विकाराबादेस जाणारा हा लोहमार्ग भालकी, बिदर, जहिराबाद अशी स्थळे घेत जातो, आणि वाटेत मांजरा ओलांडतो. पूल आला तेव्हा आम्ही नातीस खिडकीशी बसविले. खाली पात्र रुंद होते, परंतु पाणी एका बाजूस पट्ट्यासारखे पडले होते. उरलेल्या पात्रात जागोजाग खड्डे, काळी माती उघडी पडलेली, आणि चाकांच्या चाकोऱ्या थेट पाण्यापर्यंत गेलेल्या. "येथे आहे का मगर?" असे मुलीने विचारले. "येथे नाही, पुढे," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली.

रात्रीचा मुक्काम बिदरास एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरी केला. दुसऱ्या दिवशी जहिराबादवरून संगारेड्डी गाठली व तेथून कलबगूर या गावाकडे वळलो. कलबगूरपाशी मांजरेस बांध घातलेला आहे. त्याच्या वरच्या अंगास सिंगूरचे मोठे धरण. या दोन्हींच्या मधला नदीचा पट्टा १९७८ साली मांजरा अभयारण्य म्हणून राखून ठेवण्यात आला. हेच पाणी हैदराबाद व सिकंदराबाद या जुळ्या शहरांस पिण्यासाठी जात आले आहे. म्हणजे एकाच पाण्यावर नगरवासी जन आणि मगरी अशा दोन्ही प्रजा पोसल्या जातात. मधूनमधून पाण्यात बेटे आहेत. काठाने लव्हाळी व पाणकणसे माजलेली. बगळे, पाणकावळे आणि लांब चोचीचे चित्रबलाक आपापल्या उद्योगात दंग. पौषातले कोवळे ऊन नुकते कोठे तापू लागले होते.

आमच्या सोबतीस एक वृद्ध वनरक्षक आले. त्यांची मातृभाषा तेलुगू, पण बोलत ते आमच्याशी दख्खनी हिंदीत. आम्हां मराठवाड्याच्या लोकांस ती परकी नाही. त्यांनी दुर्बीण हाती दिली आणि समोरच्या बेटाच्या उतरणीकडे बोट केले. आम्हांस तेथे एक वाळलेला ओंडका दिसला. नातीची दृष्टी तरुण, ती कुजबुजली, "आजोबा, ओंडक्याला दात आहेत."

खरोखर ती मगर होती. लांबी आठ-नऊ फूट असावी. पाठ शेवाळलेल्या दगडासारखी, शेपटीवर करवतीसारखे दोन दातेरी कंगोरे, आणि जबडा संपूर्ण उघडा. आम्हांस वाटले की ती आता कोणावर तरी झडप घालणार. परंतु वनरक्षक म्हणाले की, ती स्वस्थ बसली आहे. मगरीचे रक्त आपल्या रक्तासारखे सदा उष्ण राहत नाही. थंडीच्या दिवसांत ती सकाळी काठावर येऊन ऊन खाते, आणि अंग पुरेसे तापले म्हणजे तोंड उघडून आतील ओलसर त्वचेवाटे उष्णता बाहेर टाकते. जबडा वासणे हा क्रोध नव्हे. उन्हाळ्यात आपण पंख्याने वारा घेतो, त्यातलाच तो प्रकार. अर्धा घटका आम्ही तिजकडे पाहत होतो. इतक्यात एक होडके लांबून आले, आणि त्या जड देहाने किंचितही खळबळ न करता पाण्यात प्रवेश केला. मागे राहिले ते केवळ दोन डोळे आणि नाकपुड्यांचा उंचवटा. मग तेही नाहीसे झाले. पंचतंत्रातील मकर आम्ही बोलका ऐकला होता. हा मकर त्याहून कितीतरी अधिक गंभीर होता.

या प्राण्याची काही माहिती येथे देणे वाचकांस आवडेल. आपल्या देशात या कुळाच्या तीन जाती आहेत. एक खाऱ्या पाण्यातील प्रचंड मगर. ती ओरिसातील भितरकणिका, सुंदरबन व अंदमान येथे आढळते. दुसरी लांब निमुळत्या तोंडाची, मासे खाणारी घडियाल. तिजला आपली पुस्तके सुसर म्हणतात, आणि तिचे मुख्य वसतिस्थान चंबळा नदी. तिसरी गोड्या पाण्यातील आपली मगर. तिचा जबडा तिच्या गोत्रातील सर्व जातींहून रुंद असतो. लेसन नावाच्या फ्रेंच पंडिताने १८३१ साली तिचे जे शास्त्रीय नाव ठेविले, त्यातील 'पॅलस्ट्रिस' या पदाचा अर्थ दलदलीत राहणारी असा आहे. इंग्रज तिला 'मगर' म्हणतात तो आपलाच शब्द. आणि आपला शब्द 'मकर' याचाच अपभ्रंश. खेड्यातील लोक मगरीसही सुसरच म्हणतात. हे नाव 'शिशुमार' या संस्कृत शब्दापासून आले. त्याचा सरळ अर्थ बालकांस मारणारा.

आता या नावातील अन्याय पाहा. मादी सुमारे सहा वर्षांची झाली म्हणजे वीण धरू लागते. माघ-फाल्गुनाच्या सुमारास ती पाण्यालगतच्या उंच, उतरत्या व भुसभुशीत काठावर रात्री खड्डा खणते, त्यात पंचवीस-तीस अंडी घालते व वरून माती अथवा वाळू सारून तो बुजविते. पुढील दोन महिने, कधी थोडे अधिक, ती त्या जागेभोवती पहारा करते. त्या अवधीत ती फारशी दूर जात नाही. पिले पूर्ण झाली म्हणजे अंड्याच्या आतूनच चिरक्या स्वरात हाका मारू लागतात. ती हाक ऐकताच आई वाळू उकरते, न फुटलेली अंडी दातांत हलकेच दाबून फोडते, आणि वीतभर लांबीची ती पिले आपल्या जबड्यात भरून पाण्याकडे नेते. ज्या दातांनी म्हशीचा पाय मोडावा, त्यांच्यामध्ये पिले सुखरूप असतात. मद्रासजवळ १९७६ साली रॉम्युलस व्हिटेकर यांनी मगरींचे पालनस्थान स्थापन केले. तेथील अभ्यासकांनी नरासही हे काम करताना पाहिले आहे. बापाने लेकरे वाहून नेण्याचे उदाहरण सरीसृपांत दुर्मिळ होय. असे असता त्या कुळास आपण शिशुमार म्हणावे! पिलांचे खरे मारेकरी निराळेच असतात: घोरपड, मुंगूस, कोल्हा, बगळा आणि मोठा मासा. शंभरांतून फार थोडी वाढीस लागतात.

दुसरा चमत्कार याहून विलक्षण आहे. अंड्यातून नर निघावा की मादी, हे मगरीत बीजावर ठरत नसून खड्ड्यातील उष्णतेवर ठरते. उष्णतामान २८ ते ३१ अंश असल्यास सर्व माद्या निपजतात, ३२.५ अंशांच्या सुमारास सर्व नर. एका अंशाने प्रजेचे स्वरूप पालटते. यावरून काठाची माती, तिजवरील झाडाची सावली, वाळूची खोली आणि पाण्याचे अंतर या साऱ्या गोष्टी त्या जीवास किती मोलाच्या असतील, हे वाचकांनीच ताडावे. मगर पाण्यात राहते हे सर्वांस ठाऊक. परंतु तिचा वंश जमिनीवर, नदीच्या काठावर वाढतो, हे आम्हांस त्या दिवशी प्रथम उमजले. नदीला पाणी हवे तसाच काठही हवा. एवढेच नव्हे तर तो काठ अबाधित हवा.

सामर्थ्य एवढे असूनही हे जनावर विसाव्या शतकात नाहीसे होण्याच्या पंथास लागले होते. त्याच्या कातड्याच्या पेट्या, पादत्राणे व पट्टे यांस परदेशी मोठा गिऱ्हाईक. शिवाय शिकारीचा शौक. अखेरीस १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला, आणि मगरीस त्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे वाघाच्या पंक्तीस, स्थान मिळाले. १९७५ साली संयुक्त राष्ट्रसंघाच्या साहाय्याने व बस्टर्ड नामक तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाने देशभर मगर-संवर्धनाची योजना निघाली. नदीकाठची अंडी जपून आणावी, उबवणीगृहात उबवावी, पिले मीटरभर लांब होईपर्यंत सांभाळावी आणि मग सुरक्षित जलाशयांत सोडावी, असा तिचा क्रम होता. तो पुष्कळ अंशी यशस्वी झाला. तथापि २०१३ साली झालेल्या गणनेच्या अंदाजात संपूर्ण जगातील प्रौढ मगरींची संख्या ८,७०० हूनही कमी धरण्यात आली आहे. ब्रह्मदेशातून ती नाहीशी झाली. इराणच्या बलुचिस्तानापासून सिंहलद्वीपापर्यंत ती आता तुकड्यातुकड्यांनी उरली आहे. आंतरराष्ट्रीय यादीत तिची नोंद संकटाच्या उंबरठ्यावरील प्राणी अशी होते. एखाद्या मोठ्या गावाची लोकसंख्या भरेल, तितकीच ही एकंदर प्रौढ प्रजा.

आम्ही येथे मगरीचे स्तोत्र गात आहोत असे कोणी समजू नये. ती हिंस्र आहे, यात संशय नाही. सांगली जिल्ह्यात औदुंबर-भिलवडीच्या बाजूस कृष्णेत मगरी आहेत, आणि तेथे नदीत उतरलेली माणसे त्यांच्या तोंडी पडून प्राणास मुकली आहेत. ज्या घरातील मूल गेले, त्या घरास निसर्गाचा समतोल समजाविण्यास कोणी जाऊ नये. चिपळुणास वाशिष्ठीत व महाडास सावित्रीतही त्यांचा वास आहे. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळुणाच्या रस्त्यावरून रात्री एक मगर चालत गेली. परंतु सहवासाचे शहाणपणही आपल्याच देशात आहे. गुजरातेत खेडा-आणंदकडील चरोतर प्रांतात गावतळ्यांतून मगरी नांदतात आणि त्याच तळ्यांवर बायका धुणी धुतात. तेथील खोडियार मातेचे वाहनच मगर आहे. गोमंतकात बोरीकडील लोक पौषी अमावास्येस चिखलाची मगर करून तिची पूजा करितात. त्या विधीस 'मांगे थापणी' म्हणतात. पूर्वजांनी भयाचे रूपांतर मर्यादेत केले. कोणत्या घाटावर उतरावे, तिन्हीसांजेस पाण्यात का जाऊ नये, विणीच्या दिवसांत कोणता काठ टाळावा, या गोष्टी त्यांस ठाऊक होत्या. आजीचा बागुलबुवा म्हणजे वस्तुतः असाच एक नियम होता, हे आम्हांस आता कळते.

दुपारी झाडाखाली बसून फराळ करताना आम्ही वनरक्षकांस २०१६ सालाविषयी विचारले. तो दुष्काळ मराठवाड्यातील कोणासही विसरता येणार नाही. धनेगावचे धरण आटले. लातूर शहरास पाणी उरले नाही. आम्ही त्या चैत्रात धाकट्या बंधूंच्या घरी होतो. घागरी, बादल्या, कळशा यांची रांग लागे, आणि पाण्यावरून भांडण होऊ नये म्हणून जमावबंदी पुकारावी लागली. तेव्हा मिरजेहून पाण्याची आगगाडी आली. ११ एप्रिल रोजी निघालेली पहिली गाडी १२ तारखेस लातुरास पोहोचली. दहा वाघिणी व पाच लाख लिटर पाणी. पुढे पन्नास वाघिणींची गाडी येऊ लागली. ते पाणी कृष्णेचे होते. ज्या नदीत मगरी आहेत तिच्या पाण्याने, जिच्यातून डोह नाहीसे झाले त्या नदीकाठच्या लोकांची तहान भागविली. हा योगायोग त्या वेळी आमच्या ध्यानात आला नव्हता. मगर पाहून उठल्यावर आला.

वनरक्षक म्हणाले की, त्या उन्हाळ्यात येथेही पाणी पार खाली गेले होते. "मग मगरींनी काय केले?" असे नातीने विचारले. मगर उन्हाळा कसा कंठिते हे ऐकण्याजोगे आहे. पाणी आटू लागले म्हणजे ती काठात लांब बीळ खणते व त्या गारव्यात दिवसच्या दिवस पडून राहते. अन्नावाचून पुष्कळ काळ राहण्याची तिची शक्ती अद्भुत आहे. अगदीच निरुपाय झाला तर रात्री जमिनीवरून चालत दुसरे पाणी शोधते. "पानी का कुछ नै मास्टरसाब," ते वृद्ध गृहस्थ म्हणाले, "पानी जाता, फिर आता. रेत गयी तो नै आती. किनारा खोद डाले तो अंडे किधर देना उनो?"

हे वाक्य त्यांनी सहज उच्चारले. परंतु आमचा हात घासासह थांबला. कारण २००८ साली आम्ही आमचे देवणीचे घर नव्याने बांधिले, त्यास बारा ब्रास वाळू लागली. ती मांजरेची होती. टिप्पर रात्री येत, पहाटेपूर्वी रिते होऊन जात. ती रात्रीच का येतात हे आम्ही विचारले नाही. मालक म्हणाला, "गुरुजी, तुमच्यासाठी बारीक, धुतलेली वाळू काढून आणली आहे," आणि आम्हांस त्या आदराचे कौतुकच वाटले. बारा ब्रास म्हणजे बाराशे घनफूट. एवढ्या वाळूत किती मगरींची घरटी झाली असती, हा हिशेब आम्ही करू शकत नाही. पण तिच्यात किती पाणी मुरून राहिले असते आणि काठच्या विहिरींस किती दिवस पुरले असते, हा हिशेब तरी आम्ही घालावयास हवा होता. नदीची वाळू म्हणजे नदीचे रांजण. ते फोडून आम्ही माडी चढविली, आणि आठच वर्षांनी लातुरास रिकामी घागर घेऊन रांगेत उभे राहिलो.

परतीच्या वाटेवर वेरूळची आठवण झाली. तेथे कैलास लेण्यात नदीदेवतांचे एक लहानसे मंदिर आहे. मध्यभागी गंगा मकरावर उभी, एका बाजूस यमुना कूर्मावर, दुसऱ्या बाजूस सरस्वती कमळावर. शाळेच्या सहली घेऊन आम्ही तेथे अनेकदा गेलो, आणि 'वाहन' या शब्दाचा अर्थ घोडागाडीप्रमाणे समजावून मोकळे झालो. आता वाटते, शिल्पकाराने अधिक खोल काही जाणले असावे. मकर, कूर्म व कमळ ही नदीची आभूषणे नव्हेत. ज्यावर नदी उभी राहते ती ही भूमी. पायाखालचा मकर काढून घ्या, म्हणजे वरची देवी पडेल. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी आपल्या विभूती सांगताना जलचरांतून मकराची निवड केली, तीही अकारण नसावी.

गजेंद्रमोक्षाचेही तसेच. भागवतातील ती कथा आपण सांगतो, ती हत्तीच्या सुटकेवर संपवितो. परंतु मूळ कथेत सुटका दोघांची आहे. तो ग्राह म्हणजे देवल ऋषींच्या शापाने जलचर झालेला हूहू नावाचा गंधर्व. भगवंतांच्या चक्राने त्याचाही उद्धार होतो व तो आपल्या लोकास परत जातो. पस्तीस वर्षे आम्ही तो उत्तरार्ध घाईने उरकीत होतो, कारण तास संपत आलेला असे.

गाडी पुन्हा मांजरेच्या पुलावर आली तेव्हा सूर्य मावळतीस गेला होता. तेच पात्र, तेच खड्डे. पात्रात एक पिवळे यंत्र उभे होते, आणि त्याच्याजवळ दोन टिप्पर. नातीने विचारले, "आजोबा, तिकडे मगर आहे, मग येथे का नाही? नदी तर एकच आहे ना?"

"येथे डोह उरला नाही, बाळ."

"डोह कोठे गेला?"

मराठीत 'नक्राश्रू ढाळणे' असा एक वाक्प्रचार आहे. ढोंगी मनुष्याच्या रडण्यास तो लावितात. शास्त्रज्ञ सांगतात की मगरीच्या डोळ्यांतून पाणी येते ते डोळे ओले राहण्यासाठी; त्यात ढोंग मुळीच नसते. पात्रातील वाळू घरात घालून मग नदीसाठी हळहळणारा जो मनुष्य, त्याच्या अश्रूंस हे नाव अधिक शोभेल. आम्ही दुष्काळावर, पावसावर, वरच्या धरणावर बोलू शकलो असतो. ती उत्तरे खोटीही नव्हती. परंतु मुलीने प्रश्न आम्हांस विचारला होता.

"त्यातला थोडा आपल्या माडीत आहे," असे आम्ही म्हणालो.

तिला ते लगेच समजले नाही. घरी आल्यावर मात्र तिने आजीकडून माडीची एक भिंत मागून घेतली, आणि तीवर कोळशाने चांगली हातभर लांब मगर काढिली. जबडा उघडा, आणि जबड्यात चार पिले. सूनबाई पुसावयास निघाल्या, त्यांस आम्ही थांबविले. गावात कोणाचे बांधकाम निघाले आणि वाळू कोठून घ्यावी असे कोणी विचारावयास आले, म्हणजे आम्ही त्यांस आताशा माडीवर नेतो. खडी दळून केलेली वाळू हल्ली सर्वत्र मिळते, तिने भिंत तितकीच पक्की होते, हे त्यांस त्या चित्रासमोर बसवून सांगतो. सर्वच ऐकतात असे नाही. परंतु येत्या संक्रांतीस मकर म्हणजे काय असे कोणी विचारिले, तर आता शब्दकोश उघडावा लागणार नाही.